एक मिनिट बेचाळीस सेकंद

१

ताई कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवत आणि ती आधी मेणात, मग गुलाबी प्लास्टिकमध्ये एकेक दात बसवून कुणाचं तरी हसू तयार करून परत पाठवायची. तीस वर्षं हेच काम. केसभर फरक राहिला तरी माणसाला घास चावता येत नाही, हे तिला पाठ होतं, त्यामुळे ‘चालतंय की’ हे शब्द तिच्या तोंडून कधी निघत नसत. अशा बाईची गाठ एका रविवारी दुपारी एका वायरीशी पडली आणि त्या वायरीने तिच्या तोंडाला फेस आणला.

काम तसं क्षुल्लक होतं. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बाबांचा एक व्हिडिओ होता, तो फोनवर घ्यायचा. एक मिनिट बेचाळीस सेकंदांचा. बाबा चालताबोलता दिसतात असा तेवढा एकच. धाकट्या भावाने एकोणीस वर्षांपूर्वी, परगावी नोकरीला निघायच्या दिवशी, मित्राचा कॅमेरा उसना आणून घेतलेला. त्यानंतर तीन आठवड्यांनी बाबा गेले.

घाई होती ती आईसाठी. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई शुश्रूषागृहात होती. हाड जुळत आलं होतं, पण आईच उसवत चालली होती. डोळ्यांनी तर आधीच दगा दिला होता. जेवण दोन घासांवर आलं, बोलणं ‘हो’ आणि ‘नको’वर. डॉक्टर हल्ली ताईशी बोलताना तिच्या डोळ्यांत न बघता तिच्या पर्सकडे बघत. आणि मागच्या भेटीत, निघता निघता, आई म्हणाली होती, “मला एकदा त्यांचा आवाज ऐकव.”

एकोणीस वर्षांत हे तिने पहिल्यांदा मागितलं.

कारण शेवटी शेवटी त्या दोघांचा अबोला होता. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे आणि हाताला चैन म्हणून नव्हतं. एक दिवस त्यांनी न विचारता आईचं शिवणयंत्र खोललं. एक स्प्रिंग टुणकन उडाली ती कुठे गेली कळलंच नाही. आईची ऐन कामाची वेळ. ती बोलली नाही, मग तेही बोलले नाहीत. “चार दिवसांत मिटेल,” असं दोन्ही मुलांना वाटलं. एका मंगळवारी आई कपड्यांच्या कारखान्यात पाळीला गेली असताना बाबा खुर्चीत बसल्या बसल्या गेले. भांडण मिटायच्या आत माणूसच मिटला.

२

“वायर लावलीस का?” धाकट्याने फोनवरून विचारलं. तो दूरच्या शहरात होता आणि ताईच्या घरातली सगळी यंत्रं लांबून चालवायची हौस त्याला होती.

“लावली. टुण्ण करतंय आणि म्हणतंय, उपकरण ओळखता आलं नाही.”

“फोनवर काय दिसतंय?”

“चार्जिंग. फोन माझा मजेत चरतोय.”

तो म्हणाला, दुसरी वायर घे. दुसऱ्या वायरीने फोन ओळखला पण फोन रिकामाच दिसायला लागला. मग कुठलीशी परवानगी द्यायची राहिली होती, ती दिली. मग फोनमध्ये जागा नव्हती, कारण ओळखीच्या अर्ध्या गावाने पाठवलेली फुलं आणि सुविचार त्यात ठाण मांडून बसले होते. ती उपटण्यात तास गेला. मग पट्टी सरकायला लागली, नव्व्याण्णव टक्क्यांवर आली आणि तिथेच बसली, लग्नात रुसलेल्या जावयासारखी. इंटरनेटवरून चढवायला गेली तर ‘सात तास बाकी’. कॉम्प्युटरचा पडदाच फोनने टिपून पाहिला तर बाबांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. तो आईला काय ऐकू येणार?

“फोनचा पडदा झोपला की काम थांबतं,” धाकटा म्हणाला. “बोट फिरवत राहा त्याच्यावर.”

म्हणून ताई लहान मुलाला थोपटावं तशी फोनवर बोट फिरवत बसली. पाच वाजायच्या सुमारास पट्टी पूर्ण भरली.

“झालं!” ती ओरडली. आणि सवयीने तिने दोन्हीकडचं माप ताडून पाहिलं. फाइलचा आकार दोन्हीकडे तंतोतंत सारखा. पण लांबी कॉम्प्युटरवर एक मिनिट बेचाळीस सेकंद, आणि फोनवर एक मिनिट एकोणपन्नास.

३

तिने आधी कॉम्प्युटरवर लावला. तो तिला तोंडपाठ होता. जुन्या घराचं स्वयंपाकघर. खिडकीतून आलेलं दुपारचं ऊन. टेबलावर शिवणयंत्राचं डोकं उताणं पडलेलं आणि त्यात मान घालून बसलेले बाबा.

“बाबा, काहीतरी बोला की,” धाकट्याचा कोवळा आवाज.

“काय बोलू? गाडी चुकेल तुझी.” मग वर न बघता, “आणि आईला सांगू नकोस मी काय करतोय ते.” मग स्क्रू ड्रायव्हर फिरवत त्यांनी हलकी शीळ घातली, आणि शिळेच्या मध्येच चित्र तुटलं. एक मिनिट बेचाळीस.

फोनवर ते तुटलं नाही. शीळ पुरी झाली. बाबांनी यंत्रातल्या एका भोकावर फुंकर मारली, बोटाने पुसलं आणि बोट निरखून पाहिलं. तिथे संपलं.

एकोणीस वर्षांनंतर बाबांचे सात नवे सेकंद! ताईच्या अंगावर काटा आला, पण तो आनंदाचा. जुना कॉम्प्युटर व्हिडिओचं शेपूट खात असणार, असं तिने स्वतःला समजावलं. समजूत चोख बसली. पण कवळी चोख बसली तरी तोंडात घातल्यावर कुठेतरी टोचते, तसं काहीसं टोचत राहिलं. म्हणून खात्रीसाठी तिने पुन्हा एकदा नक्कल केली. या वेळी वायरीने मुळीच त्रास दिला नाही.

दोन मिनिटं एकतीस सेकंद.

आता फुंकर मारून झाल्यावर बाबा म्हणाले, “जा रे, सांभाळून जा.” धाकट्याचा आवाज, “येतो बाबा.” पिशवीची चेन. चपलांचा आवाज. दार उघडलं, लागलं. जिन्यावरून पावलं धडधडत खाली गेली. आणि चित्र चालूच होतं. टेबलापलीकडे बाबा, त्यांच्यावर ऊन.

तिने धाकट्याला फोन लावला.

“निघताना कॅमेरा कुठे ठेवलास? ओट्यावर? फळीवर?”

“कुठे ठेवणार? दुसऱ्याचा होता. बंद करून पिशवीत टाकला, मग चपला घातल्या. का गं?”

तिने जे पाहिलं ते सांगितलं. “मला पाठव बरं,” तो म्हणाला. तिने फोनवरूनच पाठवला. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला.

“ताई, एक मिनिट बेचाळीसच आहे. शिळेवर तुटतोय. तू दमलीयस. जेव आणि झोप.”

४

सोमवारी ती अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी आली. तीस वर्षांत तिच्या कवळ्यांच्या कारखान्याने तिचं असं काही पाहिलं नव्हतं. पंखा बंद केला, खिडकी लावली, वायर जोडली. पट्टी सरसर भरली. अकरा मिनिटं चार सेकंद.

धाकट्याची पावलं विरली, आणि मग त्या स्वयंपाकघरात नुसतं ऊन होतं. खाली कुणीतरी बादली ठेवली. नळाचा थेंब पडला. तो थेंब! त्या नळाला बाबांनी बांधलेलं फडकं, त्यावरून पडताना होणारा तो बद्द आवाज ताई साफ विसरली होती. आता तो ऐकताना तिला आपण त्या घरात कुठे झोपायचो, उशाशी कुठली भिंत होती, सगळं अंगालाच आठवलं. तिला भीती वाटायला हवी होती. पण देवळात शिरताना आवाज आपोआप खाली येतो तसं तिचं झालं होतं.

मग एक गोष्ट तिच्या डोळ्यांना खुपली. चित्र स्थिर नव्हतं. अगदी किंचित वर जायचं, किंचित खाली यायचं. वर. खाली. फळीवर ठेवलेला कॅमेरा असा हलत नाही. छातीशी धरलेला हलतो. धरणाऱ्याला दम लागला असेल तर अधिकच.

तेवढ्यात बाबांनी मान वर केली आणि थेट समोर पाहिलं.

“आलीस?” ते म्हणाले.

मग काहीच नाही. दोनतीन सेकंद.

“दम लागलाय तुला.”

पुन्हा तसंच रिकामं. बाबा मात्र ऐकल्यासारखे हसले.

“बस.” त्यांनी पायाने खुर्ची पुढे सरकवली.

आणि मग, नजर यंत्राकडे वळवून, कानकोंडे होत, “अजून राग आहे?”

यानंतरचं रिकामं खूप लांब होतं. बाबांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला होता. थेंब पडत होते. ताईने मोजलं. बावीस सेकंद. त्यानंतर बाबांनी मान हलवली आणि म्हणाले, “मलाही.”

मलाही काय?

ताईने फोन पालथा ठेवला. एकटं माणूस बडबडतं कधी कधी, ती मनाशी म्हणाली. बाबांना होतीच सवय, यंत्रांशी बोलायची. पण यंत्राला दम लागतो का? यंत्राला कुणी बस म्हणतं का? त्या दिवशी त्या घरात दुसरं कुणीही नव्हतं. ताई स्वतः कामावर होती. आई पाळीवर होती. आणि बाबा ‘आलीस’ म्हणाले होते, ‘आलास’ नव्हे.

५

मंगळवारी दुपारी ती शुश्रूषागृहात गेली, ती वाटेत दोनदा माघारी वळून. एक मिनिट बेचाळीसपाशी थांबवायचं, असं तिने पक्कं ठरवलं होतं.

आईची खाट खिडकीशी होती. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. एवढीशी झाली होती, पांघरुणाला धड उंचवटाही नव्हता.

“आई, बाबांचा आवाज आणलाय.”

आईने मान वळवली. ताईने फोन उशीवर तिच्या कानाशी टेकवला आणि बोट पडद्यावर तयार ठेवलं.

“काय बोलू? गाडी चुकेल तुझी,” बाबा म्हणाले.

आईचा चेहरा बदलला. सुकलेल्या फडक्याला पाणी लागावं तसा आधी मधोमध, मग कडेपर्यंत. ‘आईला सांगू नकोस’ आलं तेव्हा ती खुदकन हसली. “मला कळलं असतं हो,” ती म्हणाली. “हाताला तेलाचा वास यायचा.” शीळ सुरू झाली. ताईने बोट खाली नेलं, आणि आईने ते मधेच पकडलं. दिसत नसताना, अचूक.

“असू दे,” ती म्हणाली.

धाकटा गेला. दार लागलं. थेंब पडायला लागले. आई डोळे मिटून ऐकत होती आणि तिचा श्वास भरभर चालला होता. ताईने पडद्याकडे पाहिलं. चित्र वर जात होतं, खाली येत होतं. मग तिने आईच्या छातीकडे पाहिलं, आणि नंतर पुन्हा पडद्याकडे बघायचा तिला धीर होईना.

“आलीस?” बाबा म्हणाले.

“आले,” आई म्हणाली.

“दम लागलाय तुला.”

“तीन जिने काय कमी आहेत?”

बाबा हसले. ते हसू तिच्या बोलण्याला इतकं लागून आलं की मध्ये नख शिरलं नसतं.

“बस.”

आईने अंग सैल सोडलं. न राहवून ताईने पाहिलं, तर पडद्यावरचं चित्र हळूच खाली आलं होतं, बसत्या माणसाच्या उंचीला. आणि खालच्या कडेने एक हात टेबलावर येऊन टेकला. शिरा वर आलेला, सुरकुतलेला, म्हातारा हात. मनगटावर निळी कागदी पट्टी. तो दिसला न दिसला तोच चित्र जरा वर झालं आणि हात चौकटीबाहेर गेला. आईचा हात तर ताईच्या हातात होता. त्याच्या मनगटावर शुश्रूषागृहाची निळी पट्टी होती.

“अजून राग आहे?” बाबांनी विचारलं.

आई गप्प राहिली. ताईला मोजायचं नव्हतं तरी ती मोजत होती. पंधरा. सोळा. आईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे उतरलं. अठरा.

“राग कधीच गेला हो,” आई म्हणाली. “तोंड कसं उघडावं तेच कळेना मला.”

“मलाही,” बाबा म्हणाले.

अकरा मिनिटं संपली तेव्हा परिचारिका दारात उभी होती. “फोन लावून दिलात होय? बरं केलंत, ताई. आठ दिवसांत आज पहिल्यांदा पुरतं वाक्य बोलल्या.”

ती गेल्यावर आईने ताईचा हात दाबला.

“पुढचं आण,” ती म्हणाली.

६

“पुसून टाक,” धाकटा फोनवर म्हणाला. या वेळी त्याने ‘तू दमलीयस’ म्हटलं नाही. “ताई, ऐक माझं. फोनवरचं पुसून टाक आणि कॉम्प्युटर बंद कर.”

“आणि आईला काय सांगू?”

“सांग वायर बिघडली.”

“ती आज पेजेची वाटी संपवून म्हणाली, मीठ कमी आहे. महिन्याभरात तिने पहिल्यांदा कशाला तरी नावं ठेवली.”

मग एकदम त्याचा आवाज ओला झाला. “बाबा मला म्हणाले होते, जा, सांभाळून जा. शप्पत सांगतो, मी ते विसरलो होतो. व्हिडिओत नव्हतंच ते. तू सांगितलंस तेव्हा आठवलं.”

ताई कॉम्प्युटरसमोर बसून राहिली. तिला कळत होतं. पुढचं म्हणजे कुठवर, हेही कळत होतं. पट्टी जितकी सरकेल तितकी आई त्या खुर्चीत रुळेल आणि या खाटेवरून हलकी होत जाईल. नाही म्हणणं तिच्या हातात होतं. पण कोणासाठी नाही म्हणायचं, या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘माझ्यासाठी’ असं येत होतं. आईने आयुष्यात मागितलं असं काय होतं? एक न मोडलेलं शिवणयंत्र, आणि आता हे.

तिने वायर लावली. नेहमी ‘इतके तास बाकी’ दिसायचं तिथे या वेळी काहीच आकडा आला नाही. फोनचा पडदा झोपू नये म्हणून बोट फिरवायचीही गरज पडली नाही. तो आपणहून जागा राहिला.

७

बुधवारी दुपारी ऊन खोलीच्या मध्यापर्यंत आलं होतं. आई उशीला टेकून बसली होती. केस विंचरून घेतले होते तिने परिचारिकेकडून.

“आणलंस?”

“आणलं.” ताईने लांबी पाहिली होती. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे एकूण वेळ असतो, तिथे मोकळी जागा होती.

बाबा आणि आई बोलायला लागली. सापडलेल्या स्प्रिंगबद्दल. ती टेबलाच्या पायापाशीच होती म्हणे. धाकट्याच्या गाडीला जागा मिळाली असेल का. गळक्या नळाबद्दल. ऐन दुपारी खिडकीतून येणाऱ्या उन्हाबद्दल, आणि पडदा शिवून घ्यायला हवा याबद्दल. मोठं असं काहीच नाही. बाबांचं वाक्य फोनमधून यायचं, जागा सुटायची, आई खाटेवरून ती भरायची. ताई खुर्चीत बसून ऐकत होती. लहानपणी अंथरुणात पडून शेजारच्या खोलीतलं आईबाबांचं बोलणं ऐकताना झोप लागायची, तशी तिला गुंगी आली. हे सगळं भयंकर आहे हे तिला ठाऊक होतं. पण एवढं सुख तिला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. आई म्हणाली, “चहा टाकते.”

ताईने दचकून डोळे उघडले. काहीतरी वेगळं होतं. आवाज आईचाच, शब्द साधेच. पण तो खाटेकडून आला नव्हता.

आईचे ओठ मिटलेले होते. चेहरा खिडकीकडे होता आणि त्यावर ऊन होतं. ताईने तिच्या हाताला हात लावला. हात उबदार होता, पण तो उन्हाने. पडद्यावर आता चित्र हलत नव्हतं, वर नाही, खाली नाही. कॅमेरा कुणीतरी टेबलावर ठेवला होता. त्यातून खिडकी दिसत होती, बाबांची खुर्ची, आईची खुर्ची, आणि तिसरी एक रिकामी खुर्ची. चौकटीच्या बाहेर कुठेतरी स्टोव्ह पेटल्याचा आवाज झाला.

परिचारिका आत आली. तिने आईचं मनगट धरलं, मग मानेला दोन बोटं लावली. “ताई,” ती हळू म्हणाली, आणि फोन बंद करायला हात पुढे केला. ताईने तो हात धरून ठेवला.

“थोरलीला पण ठेवू का कपभर?” आईने विचारलं, फोनमधून.

“विचार की तिला,” बाबा म्हणाले.

पावलं आली. चौकटीच्या कडेला लुगड्याचा काठ दिसला, कोरा, इस्त्री केलेला. चेहरा दिसला नाही. पण कुणीतरी टेबलाशी वाकून, अगदी जवळून, बघत होतं, हे ताईला दिसण्यापेक्षा कळलं. खोलीतलं ऊन आणि पडद्यातलं ऊन एका रंगाचं झालं होतं.

“येतेस का गं?” आई म्हणाली.

मग रिकामी जागा सुटली.

थेंब पडला. दुसरा पडला. त्या जागेचं माप ताईला कळत होतं, तीस वर्षं तिने दुसरं केलं तरी काय होतं? एका शब्दाची जागा. तो शब्द तिच्या जिभेवर येऊन बसला होता, सोपा, दोन अक्षरांचा. तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं. परिचारिका तिच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, हुंदका आवरते आहे.

थेंब पडत होते.

“राहू दे,” शेवटी बाबा म्हणाले. “तिची कामं असतील.”

“हो,” आई म्हणाली. “सवडीने येईल.”

पावलं दूर गेली. एक कप ठेवल्याचा आवाज झाला, मग दुसरा. आणि मग ती दोघं बोलायला लागली, एकमेकांचं वाक्य तोडत, एकाच वेळी, हसत. आता त्या बोलण्यात मध्ये कुठेही जागा सुटत नव्हती.